बेचाळीस कार्डं, शंभर रेझिस्टर आणि एक उडालेला फ्यूज

मी हिशेब तपासते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वह्या उघडायच्या, बेरजा पडताळायच्या आणि गाडं कुठे अडलंय ते शोधायचं, हा माझा रोजचा उद्योग. विजेशी संबंध शाळेत तुटला तो तुटलाच. त्यामुळे भाच्याने, म्हणजे पिंट्याने, "मावशी, तू आकड्यांतली ना? मग हे सोडव," म्हणत वही पुढे केली तेव्हा मी जरा तोऱ्यातच चष्मा लावला. वहीत पाच रेझिस्टरचं, म्हणजे विजेची वाट अडवणाऱ्या छोट्या भागांचं, एक जाळं होतं आणि खाली प्रश्न: परिणामी रोध, म्हणजे सगळ्यांचा मिळून होणारा अडथळा, काढा.

सूत्रं दोनच. एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणीत रोधांची सरळ बेरीज. समांतर, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेल्या, जोडणीत व्यस्तांची बेरीज करायची आणि आलेलं उत्तर पुन्हा उलटं करायचं. हे काही डोक्यावरून जाणारं नाही. पण त्या जाळ्यात कोण कोणाशी एकसर आणि कोण कोणाशी समांतर, हेच मला दिसेना. पिंट्यालाही दिसत नव्हतं, म्हणून तर तो माझ्याकडे आला होता. अर्धा तास दोघांनी डोकं खाजवलं आणि शेवटी मी विजेच्या जोडण्यांचा हा सरावसंच मागवला. मागवला त्याच्यासाठी, वापरला जास्त मी. आता तीन आठवडे झाले, सगळी कार्डं झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

डब्यात काय येतं ते आधी सांगते. दहा किमतींचे (किंमत म्हणजे रोध किती ते, पैसे नव्हे) प्रत्येकी दहा असे शंभर रेझिस्टर, एक ब्रेडबोर्ड म्हणजे भोकांत पाय खुपसून जोडण्या करायची फळी, जोडतारा, चार पेन्सिल सेलचा डबा म्हणजे सहा व्होल्ट, व्होल्ट, प्रवाह आणि रोध मोजणारा एक साधा डिजिटल मल्टिमीटर, चार रंगांची पुसता येणारी मार्कर पेनं आणि बेचाळीस लॅमिनेट केलेली कार्डं. कार्डाच्या एका बाजूला जोडणीची आकृती, मागे उत्तर. लाल पेन पहिल्या दिवसापासून कोरडं. हिशेब तपासणाऱ्याच्या घरात लाल पेनांना तोटा नसतो, त्यामुळे माझं अडलं नाही, पण अडलं असतं तर चिडले असते, कारण या संचाचा सगळा जीव त्या पेनांत आहे. ते पुढे येईलच.

रेझिस्टरच्या किमती पाहून मी आधी वैतागले. १००, १५०, २२०, ३३०, ४७०, ६८०. अरे, २०० आणि ५०० का नाहीत? मग लक्षात आलं की प्रत्येक किंमत आधीच्या साधारण दीडपट आहे, आणि सहा पायऱ्यांत शंभराचे हजार होतात. चक्रवाढीसारखंच. रोध ओहममध्ये मोजतात; शंभर ओहममध्ये वीसचा फरक मोठा आणि दहा हजारांत तोच फरक नगण्य, म्हणून पायऱ्या बेरजेच्या न ठेवता पटीच्या ठेवल्यात. एवढं कळल्यावर हे वेडेवाकडे आकडे एकदम शहाणे वाटायला लागले. संच बनवणाऱ्यांनी मात्र याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही.

किंमत ओळखायची ती अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून. तपकिरी-काळा-तपकिरी म्हणजे १००, तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम. शेवटची सोनेरी पट्टी सांगते की छापील किमतीत पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. आता तपकिरी, लाल आणि नारिंगी हे तीन रंग रात्री दिव्याखाली, चाळिशीनंतरच्या डोळ्यांना, तांदळाएवढ्या दाण्यावर वेगळे दिसायला हवेत! मी पहिल्याच संध्याकाळी हात टेकले आणि प्रत्येक रेझिस्टर मीटरवर तपासूनच लावायचा नियम केला. रेझिस्टर किमतीनुसार वेगळ्या पाकिटांत येतात, पण पाकिटांवर काही लिहिलेलं नाही. आल्या आल्या पाकिटांवर लिहून घ्या, नाहीतर एकदा सांडले की निवडत बसाल.

आता मुद्द्याचं. पहिल्या कार्डावर सूत्र नाही, उदाहरण नाही, फक्त रंगवायची रीत आहे. बॅटरीच्या एका टोकापासून निघा आणि तारेवर लाल रेघ ओढत चला. तार वळली, फाटा फुटला, दुसऱ्या तारेला मिळाली, तरी लालच. रेझिस्टर आला की थांबा. त्याच्या पलीकडे दुसरा रंग सुरू. सगळ्या तारा रंगवून झाल्या की मग आकृतीकडे बघा. ज्या दोन रेझिस्टरच्या दोन्ही टोकांचे रंग सारखे, ते समांतर. आणि ज्या रंगाला फक्त दोनच रेझिस्टर लागलेत, तिसरं कोणी नाही, बॅटरीही नाही, ते दोघं एकसर.

बस, एवढंच. पण माझं सगळं घोडं पेंड खात होतं ते इथेच. मी आकृतीत काय बघत होते, तर एका रेषेत काढलेले ते एकसर आणि एकाखाली एक काढलेले ते समांतर. आकृती काढणाऱ्याने कागदावर जागा कशी वाटून घेतली ते मी वाचत होते. वीज ते वाचत नाही. तिला फक्त कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडलंय एवढंच कळतं. आमच्या धंद्यात सांगायचं तर खातं कुठल्या पानावर लिहिलंय याला महत्त्व नाही, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात गेलं याला आहे.

हे पटायला तेविसावं कार्ड लागलं. आकृती दिसायला अगदी भोळी. अ, ब, क, ड असे चार बिंदू एका ओळीत, मधल्या तीन जागांत ३३० ओहमचे तीन रेझिस्टर. अ पासून क पर्यंत वरून एक तार, ब पासून ड पर्यंत खालून एक तार. मी न रंगवताच म्हटलं, तीन एका ओळीत, तीन तेहतीस नव्व्याण्णव, ९९० ओहम. तारा कशाला आहेत? असतील काहीतरी. पिंट्याने जोडणी केली, मीटर लावला. १०९.

"मावशी, तुझा एक शून्य आणि बरंच काही चुकलंय."

मग रंगवलं. अ लाल. वरची तार क ला जाते म्हणून क सुद्धा लाल. ब निळा, खालच्या तारेमुळे ड निळा. पहिला रेझिस्टर लाल-निळा. दुसरा निळा-लाल. तिसरा लाल-निळा. तिघंही एकाच जोडीच्या मध्ये, म्हणजे तिघंही समांतर, आणि ३३० ला तिनाने भागून ११०. एका ओळीत शिस्तीत उभे असलेले तिघं समांतर! मी ते कार्ड पुसलं नाही, तसंच रंगवलेलं ठेवलंय.

नवव्या कार्डावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि कोणी हा संच घेतला तर त्यानेही घालवावा. जोडणी अशी: आधी १०० चा एक. त्याच्यापुढे दोन वाटा. एका वाटेत १५० चा एक, दुसऱ्या वाटेत १५० चे दोन एकामागे एक. मग दोन्ही वाटा मिळून परत बॅटरीला. सोडवताना बॅटरीपासून सर्वांत लांबच्या टोकाकडून सुरुवात करायची. दुसऱ्या वाटेतले दोन एकसर, १५० अधिक १५०, ३००. ते पहिल्या वाटेतल्या १५० ला समांतर. गुणाकार भागिले बेरीज: १५० गुणिले ३००, भागिले ४५०, आले १००. त्याला पुढचे १०० एकसर. एकूण २०० ओहम. व्होल्ट भागिले रोध म्हणजे प्रवाह, तेव्हा सहा व्होल्टला ३० मिलिअँपिअर.

इथपर्यंत सगळेच करतात. पुढे त्याच वाटेने परत यायचं असतं, आणि तिथे मुलं कंटाळतात. ३० मिलिअँपिअर पहिल्या १०० मधून गेले, तिथे ३ व्होल्ट खर्च झाले. उरलेले ३ व्होल्ट दोन्ही वाटांवर सारखेच. पहिल्या वाटेत ३ भागिले १५०, म्हणजे २० मिलिअँपिअर. दुसऱ्या वाटेत ३ भागिले ३००, म्हणजे १०. वीस आणि दहा तीस. ताळा जुळला.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बिंदूत जेवढं आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे, ही तर आमची जमा आणि नावे. पिंट्याने सांगितलं की याला किरचॉफचा नियम म्हणतात आणि तो १८४५ साली मांडला गेला. किरचॉफ तेव्हा एकवीस वर्षांचा होता म्हणे. या वयात मी किर्द लिहायला शिकत होते. मग मी आणखी एक ताळा घातला, जो कार्डावर नाही. बॅटरी देते ती शक्ती: सहा व्होल्ट गुणिले ३० मिलिअँपिअर, १८० मिलिवॉट. रेझिस्टर खातात ती: शंभरवाला ९०, एकटा दीडशेवाला ६०, जोडीतले दोघं प्रत्येकी १५. बेरीज १८०. पैचाही फरक नाही. तेव्हापासून उत्तर आलं की आम्ही हा ताळा घालतो. प्रवाह चुकीच्या वाटेत धरला असेल तर तो इथे उघडा पडतोच.

हे झालं कागदावर. मीटरवर सहा व्होल्टच्या जागी ६.३८ आले. नवे सेल दीड व्होल्टच्या जरा वरच असतात, हे मला माहीत नव्हतं. शंभरवर ३.२०, वाटांवर ३.१८. प्रवाह एकूण ३१.७, वाटांत २१.१ आणि १०.६. पुस्तकातला एकही आकडा जसाच्या तसा आला नाही, पण बेरजा सगळ्या जुळल्या. पिंट्याला आधी वाटलं की आपलं काहीतरी चुकलं. मी म्हटलं, "आकडा चुकू दे रे, बेरीज जुळली ना? मग वही खरी आहे."

याच कार्डावर आमची एक मोठी फजिती झाली. पिंट्याला शंका आली की १५० चे तिन्ही रेझिस्टर खरंच दीडशेचे आहेत का. बॅटरी काढली, जोडणी तशीच ठेवली आणि एकावर मीटर धरला. १००. दुसऱ्यावर धरला, १००. तिसऱ्यावरही १००. मी तर तक्रारीचा मजकूर मनात जुळवायलाही घेतला होता, की दीडशेच्या पाकिटात शंभरचे भरलेत. मग पिंट्याने एक उपटून बाहेर काढून मोजला, तर १४९. परत लावला, १००. ब्रेडबोर्डात काही चेटूक आहे की काय! रंगवलेलं कार्ड समोर होतं म्हणून कळलं: बॅटरी काढल्यावर ते तिघं मिळून एक त्रिकोण होतो. एकावर मीटर धरला की दुसरे दोघं मागच्या दाराने त्याला समांतर येतात. १५० आणि ३०० समांतर, म्हणजे १००. मीटर खरंच बोलत होता, आम्ही प्रश्न चुकीचा विचारत होतो. जोडणीत लावलेला रेझिस्टर मोजायचा तर त्याचा एक पाय बाहेर काढा, ही ओळ कार्डावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती. नाही छापली. पण छापली असती तर ही मजा आली नसती, हेही आहेच.

आता तक्रारी.

सतराव्या कार्डाचं उत्तर सरळसरळ चुकलंय. २.२ किलोओहमचे दोन समांतर, त्यांना १ किलोओहम एकसर, आणि या सगळ्याला ४.७ किलोओहम समांतर. मागे उत्तर छापलंय ६.८ किलोओहम. आम्ही करतोय तर येतंय १.४५ च्या आसपास. पिंट्या बिचारा तीनदा करून बसला, कारण छापलेलं चुकीचं असेल हे त्या वयात सुचत नाही. मला सुचलं, कारण छापलेलंच चुकीचं असतं यावर माझं पोट चालतं. समांतर जोडणीचं उत्तर तिच्यातल्या सर्वांत लहान वाटेपेक्षा लहानच यायला हवं. वाट वाढली की अडथळा कमीच होणार. इथे लहान वाट २.१ किलोओहमची. मग उत्तर ६.८ कसं येईल? २.१ अधिक ४.७ बरोबर ६.८. छापणाऱ्याने समांतरच्या जागी बेरीज ठोकून दिलीय. मीटरनेही १.४४ दाखवलं.

हा लहान वाटेचा नियम मुलांना आधी शिकवा, सूत्र नंतर. समांतरच्या जागी सरळ बेरीज ठोकणं, तीन रेझिस्टरना एकदम गुणाकार भागिले बेरीज लावणं, असे घोळ बहुतेक या एका नजरेत पकडले जातात. आणि १० किलोओहमला १०० ओहम समांतर आले तर गणित न करताही सांगता येतं की उत्तर शंभरला चिकटून असणार. करून पाहिलं तर ९९.

ब्रेडबोर्डच्या कडेला लांब पट्ट्या असतात, त्यांत बॅटरी द्यायची. या ब्रेडबोर्डात त्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या आहेत. आत दिसत नाही. बाहेरून छापलेल्या लाल रेघेत बोटभर फट आहे तेवढीच खूण. आमची जोडणी उजव्या अर्ध्या भागात आणि बॅटरी डाव्या. पाऊण तास मीटर शून्य. तारा बदलल्या, सेल बदलले, एकमेकांवर चिडलो. हा दोष म्हणावा की नाही याबद्दल माझं मत पक्कं नाही, कारण पट्टी अशी तोडलेली असली की दोन वेगळे व्होल्टेज वापरता येतात. पण नवशिक्याला विकताना सांगायला काय हरकत होती? आता आम्ही दोन छोट्या तारांनी दोन्ही फटी सांधून टाकल्यात.

फ्यूज मात्र माझ्या कर्माने उडाला. प्रवाह मोजायचा तर मीटर वाटेच्या मध्ये, एकसर घालावा लागतो. व्होल्ट मोजायचे तर दोन टोकांवर, समांतर. प्रवाह मोजून झाला, खटका मिलिअँपिअरवरच राहिला आणि मी सेल किती उतरलेत ते पाहायला मीटरची दोन्ही टोकं, म्हणजे प्रोब, थेट बॅटरीला टेकवली. प्रवाह मोजताना मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ नसतोच, म्हणजे मी बॅटरीच्या दोन टोकांत चक्क तार टाकली. आवाज नाही, ठिणगी नाही, काही नाही. फक्त त्यानंतर प्रवाह मोजायला गेलं की शून्य. व्होल्ट मात्र नीट दाखवत होता, त्यामुळे एक अख्खी संध्याकाळ आम्ही जोडणीलाच दोष देत होतो. मागचं झाकण उघडून २०० मिलिअँपिअरचा फ्यूज बदलला तेव्हा सुटलो. संचात एकही जादा फ्यूज नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या संचात जादा फ्यूज नसणं म्हणजे बाळाच्या पिशवीत जादा दुपटं नसणं.

एकतिसावं कार्ड मात्र सुरेख. वरच्या वाटेत १५० आणि ३३०, खालच्या वाटेत १०० आणि २२०, आणि दोन्ही वाटांच्या मधल्या बिंदूंना जोडणारा ४७० चा आडवा. रंगवला तर कोणीच कोणाशी समांतर नाही, कोणीच एकसर नाही. आम्ही अडकलो. मागे इशारा होता: आडवा काढून बघा. काढला. एकूण रोध १९२ च होता, काढल्यावरही तेवढाच. परत लावला, तोच. मध्ये रेझिस्टर आहे आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही! कारण १५० ला ३३० जसे, तसेच १०० ला २२०. दोन्ही वाटांत व्होल्टची वाटणी एकाच प्रमाणात होते, मधले दोन बिंदू एकाच पातळीला येतात, आणि पातळी सारखी असेल तर आडव्या वाटेने जायला विजेला काही कारण उरत नाही. आम्ही तिथे व्होल्ट मोजले तर ०.०२ आले. ती पाच टक्क्यांची सोनेरी पट्टी. याला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. व्हीटस्टनने तो १८४३ मध्ये लोकांसमोर आणला, पण मूळ कल्पना सॅम्युएल ख्रिस्टीची, १८३३ ची. नाव कोणाच्या खात्यावर जमा होईल याचा विजेतही भरवसा नाही.

आणि मग चाळिसावं कार्ड. तसाच पूल, पण तोल नसलेला. डावीकडे ३३० चे तीन मिळून त्रिकोण, उजवीकडे एका वाटेत २२०, दुसरीत ४७०. आम्ही दोन संध्याकाळी रंगवत बसलो. एकसर नाही, समांतर नाही, तोलही नाही, इशाराही नाही. तिसऱ्या दिवशी पिंट्याच्या बाईंनी सांगितलं की हे एकसर-समांतरने सुटतच नाही. याला त्रिकोणाचा तारा, म्हणजे चांदणीचा आकार, करावा लागतो. ही युक्ती आर्थर केनेलीने १८९९ साली लिहून ठेवलीय. ३३० च्या त्रिकोणाऐवजी मध्ये एक नवा बिंदू घ्यायचा आणि तिथून तीन कोपऱ्यांना ११०-११० ची तीन पाती काढायची. मग एका वाटेत ११० अधिक २२०, दुसरीत ११० अधिक ४७०, दोघं समांतर, अलीकडे ११० एकसर. एकूण साधारण ३२० ओहम. मीटर ३१८. युक्ती भारी आहे, माझी तक्रार एवढीच की जाळ्याचं कुलूप एकसर आणि समांतर या दोन किल्ल्यांनी नेहमीच उघडतं असं नाही, हे कुठेतरी लिहायला हवं होतं. न लिहिता कार्ड समोर टाकलं तर मूल स्वतःला ढ समजतं.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, हे सगळं संगणकावर फुकट करता येतं. येतं. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट आहे, त्यात जोडण्या करता येतात, तारेतून इलेक्ट्रॉन धावताना दिसतात, आणि चाळिसाव्या कार्डाच्या वेळी आम्ही तेही वापरलं. पटकन पडताळायला उत्तमच. पण तिथे दीडशेचा रेझिस्टर नेमका दीडशेचाच असतो आणि फ्यूज उडण्याची भीती नाही. पिंट्याला फेट जास्त आवडलं, मला डबा. दोन्ही वापरले, भांडण नाही.

कोणी घ्यावा? शाळेतल्या मुलाला एकट्याला देऊ नका. शेजारी बसायला कोणीतरी हवं, त्याला वीज कळायलाच हवी असं नाही, पण छापील उत्तरावर संशय घेता यायला हवा. ज्याला भराभर पन्नास गणितं उरकायची आहेत त्याने हा संच घेऊ नये, वही-पेन्सिल पुरे. मी पाचपैकी साडेतीन देते. दीड गुण सतरावं कार्ड, फ्यूज आणि त्या लाल पेनाने खाल्ले.

बेचाळिसावं कार्ड राहिलं सांगायचं. घनाकृती. बारा कडा, प्रत्येक कडेवर ३३० चा एक, आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतला रोध काढायचा. डब्यात ३३० चे दहाच! शंभर रेझिस्टर दिलेत आणि शेवटच्या कार्डाला बारा लागतात हे संच बनवणाऱ्यांनी मोजलं नाही. मी पुन्हा तक्रारीच्या तयारीत. पिंट्या मात्र पाकिटं चाळत बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मावशी, २२० चे दोन समांतर किती?"

"११०."

"त्याला आणखी एक २२० एकसर?"

२२० च्या सहांमधून दोन ३३० तयार झाले. मग घन मांडला, ब्रेडबोर्डवर आठ ओळी, प्रत्येकीत तीन पाय. रंग चारच होते आणि कोपरे आठ, पण सुरुवातीच्या कोपऱ्याचे तिन्ही शेजारी सारख्याच पातळीला, म्हणून तिघंही निळे. त्यांच्या पुढचे तिघं हिरवे. शेवटचा काळा. लाल-निळ्यात तीन रेझिस्टर, निळ्या-हिरव्यात सहा, हिरव्या-काळ्यात तीन. ११० अधिक ५५ अधिक ११०, म्हणजे २७५.

पिंट्याने मीटर लावला. २७३.